वादळाचा पाठलाग कशासाठी? रडारला न दिसणाऱ्या शेवटच्या किलोमीटरसाठी

अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसने टोर्नेडोचा, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोचणाऱ्या हवेच्या भोवऱ्याचा, इशारा दिला की त्या मजकुरात एक छोटी नोंद असते. टोर्नेडो ‘रडारवर सूचित’ आहे की ‘प्रत्यक्ष पाहिलेला’ आहे, एवढंच ती सांगते. त्या देशात वाऱ्याची गतीही मोजणारी सुमारे १६० डॉप्लर रडार अहोरात्र चालू असतात, वरून उपग्रह वादळी भागाचं चित्र मिनिटामिनिटाला पाठवतात, महासंगणक तासातासाला नवा अंदाज काढतात. तरीही दुसरी नोंद करायची तर बहुतेक वेळा कुणीतरी माणसाने रस्त्याच्या कडेला उभं राहून तो टोर्नेडो डोळ्यांनी पाहिलेला असावा लागतो. स्टॉर्म चेजिंग म्हणजे वादळाचा पाठलाग. त्याच्याकडे आपल्याकडचे लोक सहसा वेड किंवा थरार म्हणून बघतात. मला त्यातलं खरं मोल या छोट्या नोंदीत दिसतं.

आधी एक घोळ दूर करू. चक्रीवादळ आणि टोर्नेडो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेलं ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ होतं. असं वादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि दोन-तीन दिवस आधीपासून उपग्रहाच्या चित्रात दिसत राहतं. टोर्नेडो जन्मतो जमिनीवरच्या एकाच गडगडाटी ढगाच्या पोटात. त्याची रुंदी काही दहा मीटरपासून फार तर चार किलोमीटरच्या आसपास, आयुष्य बहुधा काही मिनिटांचं. अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० टोर्नेडो होतात. एवढी छोटी आणि अल्पायुषी गोष्ट दोन दिवस आधी नेमकी कुठे होईल हे कुणीच सांगू शकत नाही. सांगता येतं ते इतकंच, की परवा दुपारी अमुक पट्ट्यातली हवा त्यासाठी तयार असेल.

हवा तयार असणं म्हणजे काय?

टेक्सास, ओक्लाहोमा आणि कॅन्सस ही राज्यं सपाट मैदानाची. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात आहे, तिथून वसंतात उबदार, दमट वारा आत येतो. पश्चिमेकडून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी पठारावरची कोरडी हवा येते. या दोन हवा जिथे भिडतात त्या सीमारेषेला ड्रायलाइन म्हणतात. रेषेच्या पूर्वेला उभं राहिलं तर घामाने शर्ट चिकटतो आणि पन्नास किलोमीटर पश्चिमेला गेलं तर ओठ फुटतात, इतका फरक एप्रिल-मे महिन्यांत पडतो. दुपारी याच रेषेवर पहिले ढग उभे राहतात.

पण ते लगेच उभे राहत नाहीत, आणि इथेच सगळी गंमत आहे. पठारावरची तापलेली कोरडी हवा पूर्वेकडे सरकते तेव्हा मैदानाची उंची कमी असल्याने ती दमट हवेच्या वर जाऊन बसते. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर गरम हवेचा हा थर झाकण घालतो. खालची हवा तापत राहते, बाष्प साठत राहतं, पण वर जायला वाट मिळत नाही. झाकण कमकुवत असेल तर सकाळीच चारी बाजूंना फुटकळ ढग होतात, पाऊस पडतो आणि दिवसाची सगळी ताकद वाया जाते. ते फार घट्ट असेल तर संध्याकाळपर्यंत आकाश निळंभोर राहतं. चेजर याला ‘ब्लू स्काय बस्ट’ म्हणतात, आणि हजार किलोमीटर गाडी चालवून असा दिवस पदरी पडणं त्यांना नवीन नसतं. झाकण दुपारी चार-पाचच्या सुमारास एखाद-दोन ठिकाणीच फुटलं, तर मात्र दिवसभर साठलेली सगळी ऊर्जा त्या एकाच ढगाला मिळते. तासाभरात तो बारा ते पंधरा किलोमीटर उंच जातो.

उंच ढग तर आपल्याकडे वळवाच्या पावसातही होतात. मग टोर्नेडोच्या ढगात वेगळं काय? वारा. ओक्लाहोमात अशा दिवशी जमिनीलगत वारा आग्नेयेकडून येत असतो, दोन किलोमीटरवर दक्षिण-नैऋत्येकडून आणि पाच-सहा किलोमीटरवर थेट पश्चिमेकडून, तोही खूप जोरात. उंचीबरोबर वाऱ्याचा वेग आणि दिशा अशी बदलली की मधली हवा आडवी गरगरू लागते, पोळपाटावरच्या लाटण्यासारखी. ढगात शिरणारा वरच्या दिशेचा झोत हे आडवं लाटणं उचलून उभं करतो, आणि ढगाचा आतला स्तंभच फिरायला लागतो. अशा फिरत्या ढगाला सुपरसेल म्हणतात. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ कीथ ब्राउनिंग यांनी १९६० च्या दशकात हे नाव रूढ केलं. सुपरसेल तीन-तीन, चार-चार तास टिकतो, कारण त्याचा पाऊस आणि त्याला इंधन पुरवणारा झोत वाऱ्यामुळे वेगवेगळ्या जागी राहतात. साध्या वळवाच्या ढगात पाऊस त्याच झोतावर कोसळतो आणि ढग स्वतःचा श्वास कोंडून अर्ध्या-पाऊण तासात मरतो.

सगळेच सुपरसेल टोर्नेडो देतात असं नाही, बहुतेक देतच नाहीत. दोन सुपरसेल शेजारी शेजारी असतात, रडारवर जवळपास सारखे दिसतात, आणि एकाच्या खाली टोर्नेडोची सोंड उतरते, दुसरा नुसता गारा पाडून निघून जातो. असं का होतं, याचं पक्कं उत्तर आजही कुणाकडे नाही. जमिनीलगतच्या शेवटच्या एक किलोमीटरमध्ये हवा किती दमट आहे, वारा किती वळतो आहे आणि पावसाने थंड झालेली हवा किती थंड आहे, यावर बरंचसं अवलंबून असतं, एवढं मात्र कळलं आहे.

अंदाज कसा बांधतात

टोर्नेडोचा आधुनिक अंदाज एका लष्करी तळावरून सुरू झाला. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई दलाच्या तळावर कसलीही पूर्वसूचना नसताना टोर्नेडो घुसला आणि उभी विमानं चिरडून गेला. तळावरचे हवामान अधिकारी अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर यांनी जुने नकाशे काढून अशा दिवशी हवा कशी असते याचा अभ्यास केला. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, सकाळचा नकाशा पाहिला तर तोच साचा! त्यांनी तळासाठी टोर्नेडोचा अंदाज दिला, विमानं हँगरमध्ये हलवली गेली, आणि त्याच संध्याकाळी तळावर दुसरा टोर्नेडो आला. त्याआधी कित्येक दशकं सरकारी अंदाजात टोर्नेडो हा शब्दसुद्धा टाळला जायचा. लोक घाबरतील ही भीती आणि अंदाज चुकेल ही खात्री, अशी दोन्ही कारणं त्यामागे होती. पाच दिवसांत दोघा अधिकाऱ्यांनी केलेलं हे काम मला हवामानशास्त्राच्या इतिहासातल्या सर्वांत धाडसी कामांपैकी एक वाटतं.

पद्धत मुळात आजही तीच आहे. ठरलेल्या ठिकाणांहून रोज दोनदा, भारतीय वेळेनुसार पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या हिशेबाने, जगभर एकाच वेळी फुगे सोडले जातात. आपल्याकडेही सोडतात. फुग्याखाली लोंबणारं यंत्र वर जाता जाता तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत राहतं. त्या आलेखावर झाकण किती जाड आहे, ते फुटायला जमिनीवरचं तापमान किती लागेल आणि फुटल्यावर ढगाला किती ऊर्जा मिळेल हे वाचता येतं. ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरातलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर हे आलेख आणि संगणकाची मॉडेल्स बघून देशाच्या नकाशावर धोक्याच्या पाच पायऱ्या रंगवतं: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. दुपारी परिस्थिती पिकली की काही तासांसाठी मोठ्या पट्ट्यावर ‘वॉच’ लागतो, म्हणजे तयार राहा. ‘वॉर्निंग’ मात्र छोट्या तुकड्यापुरती आणि आत्ताची असते, म्हणजे तळघरात जा. हा इशारा आणि टोर्नेडो यांच्यात सरासरी दहाएक मिनिटांचं अंतर मिळतं.

चेजर हेच सगळं स्वतः करतो. सकाळी हॉटेलच्या खोलीत आलेख वाचायचे, ड्रायलाइन दुपारी कुठे असेल ते ठरवायचं आणि नकाशावर एका गावावर बोट ठेवायचं. मग तिथल्या पेट्रोल पंपावर जाऊन थांबायचं. लोकांना चित्रफितीत दिसतो तो पाठलाग अर्ध्या तासाचा असतो. त्याआधीचे आठ-आठ तास गाडीच्या बॉनेटला टेकून पश्चिमेच्या ढगांकडे बघण्यात गेलेले असतात. तिथे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे साडेतीन झालेले असतात. मे महिन्यात त्या वेळी उठून त्यांचं थेट प्रक्षेपण आणि रडार शेजारी शेजारी लावून बसणारे आपल्याकडेही आहेत, मीही त्यांतला एक. खिडकीबाहेर पुण्याचं आकाश कोरडं ठाक असतं आणि पडद्यावर ढगाची कडा फुलकोबीसारखी फुगायला लागते, तेव्हा झोप उडालेली असते.

कुठे उभं राहायचं

मैदानातली वादळं साधारण ईशान्येकडे सरकतात. मुसळधार पाऊस आणि लिंबाएवढ्या गारा ढगाच्या पुढच्या, उत्तरेकडच्या भागात असतात. टोर्नेडो होतो तो मागच्या नैऋत्य कोपऱ्यात, जिथे ढगाचा तळ काळाभोर, सपाट आणि कोरडा असतो. म्हणून जाणता चेजर वादळाच्या आग्नेयेला राहतो. तिथून मावळतीच्या उजेडावर ढगाचा तळ स्वच्छ दिसतो, अंगावर पाऊस नसतो आणि दक्षिणेचा रस्ता पळायला मोकळा असतो.

आधी तळाचा एक तुकडा खाली लोंबतो. ही झाली वॉल क्लाउड, म्हणजे भिंतीसारखा ढग. तो सावकाश फिरताना दिसतो. मग त्याच्या मागून खाली कोसळणारी हवा ढगात एक उजळ खाच पाडते, आणि भिंत त्या खाचेभोवती वळू लागते. या वेळी बघायचं ते जमिनीकडे. सोंड अर्ध्यावरच दिसत असली आणि खाली धूळ गरगरत असली, तर टोर्नेडो जमिनीला टेकलेला आहे. मधला भाग नुसता दिसत नाही एवढंच.

रडारला हे का दिसत नाही? कारण साधं आहे. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वाकत जाते. सर्वांत खालचा झोत अर्धा अंश वर धरला तर शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून जवळजवळ दीड किलोमीटर उंच असतो, दोनशे किलोमीटरवर चार किलोमीटर. रडार ढगाच्या पोटातलं फिरणं बघतं, पायाखालचं नाही. डॉप्लर रडारची ताकद खऱ्या अर्थाने कळली तीही माणसांच्या मदतीनेच. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटी या गावात टोर्नेडो आला तेव्हा नॉर्मनच्या प्रयोगशाळेचं डॉप्लर रडार त्याच्यावर रोखलेलं होतं आणि त्याच प्रयोगशाळेचे लोक शेताच्या कडेला उभे राहून त्याचं चित्रण करत होते. फिल्म आणि रडारची नोंद वेळेनुसार शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं, की जमिनीवर टोर्नेडो दिसण्याच्या बऱ्याच आधी ढगात वर फिरण्याची खूण उमटलेली होती. या शोधाच्या जोरावर पुढे १९९० च्या दशकात देशभर डॉप्लर रडारचं जाळं उभं राहिलं. आता रडार उडालेल्या पत्र्यांचे आणि फांद्यांचे आकारही पावसाच्या थेंबांपासून वेगळे ओळखतं. पण पत्रे आकाशात दिसले म्हणजे कुणाचं तरी घर आधीच गेलेलं असतं.

३१ मे २०१३

टिम समारास हे इंजिनिअर होते. टोर्नेडोच्या वाटेत जमिनीला चिकटून राहतील अशी बसकी, शंकूच्या आकाराची यंत्रं त्यांनी बनवली. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर या वस्तीजवळ त्यांनी असं एक यंत्र रस्त्यावर ठेवलं आणि गाडी पळवली. टोर्नेडो बरोबर त्याच्यावरून गेला. हवेचा दाब क्षणार्धात १०० हेक्टोपास्कलने खाली आल्याची नोंद झाली. मुंबईहून हजार मीटर उंचीच्या डोंगरावर चढल्यावर दाब जेवढा कमी होतो, साधारण तेवढा हा फरक. कोणतंही रडार हा आकडा देऊ शकलं नसतं.

ते पेशाने आणि स्वभावाने काटेकोर होते. म्हणूनच एल रिनोची गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला अजून टोचते. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला एल रिनो गावाजवळ ३१ मे २०१३ च्या संध्याकाळी टोर्नेडो सुरू झाला. तो आग्नेयेकडे, मग पूर्वेकडे सरकत होता आणि काही मिनिटांतच प्रचंड रुंद झाला. शेवटी त्याची रुंदी ४.२ किलोमीटर भरली, नोंदवलेल्या टोर्नेडोंमधली सर्वांत जास्त. त्याची कडा पावसाच्या पडद्यात लपलेली होती, त्यामुळे लांबून तो टोर्नेडो आहे हेच ओळखू येत नव्हतं. मग तो अचानक डावीकडे, ईशान्येला वळला आणि त्याचा वेग वाढला. समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघं त्या वेळी एका कच्च्या रस्त्यावर गाडीत होते. तिघंही गेले. त्या टोर्नेडोने एकूण आठ जीव घेतले, आणि आठही जण वाहनांत होते.

त्या संध्याकाळी रस्ते गच्च भरले होते. अकराच दिवसांपूर्वी, २० मे रोजी, जवळच्या मूर शहरात टोर्नेडोने २४ माणसं मारली होती, त्यामुळे घाबरलेले हजारो लोक घर सोडून गाड्यांत बसले आणि महामार्गावर अडकून पडले. त्यात पुन्हा हौशी चेजर्सच्या रांगा. कॅमेरा घेऊन नुसतं जवळ जायचं, हवामान खात्याला एक फोनही करायचा नाही, आणि रुग्णवाहिकेची वाट अडवायची, हा प्रकार मला मुळीच पटत नाही. दिसलं ते कळवणारा माणूस आणि फक्त स्वतःसाठी टिपणारा माणूस एकाच रस्त्यावर उभे असले तरी दोघांचं काम एक नाही. अमेरिकेत स्कायवॉर्न नावाचा सरकारी उपक्रम आहे. त्यात ढग ओळखायचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले लाखांवर स्वयंसेवक आहेत. त्यांतले बहुतेक पाठलाग करतच नाहीत, आपल्या गावाच्या वेशीवर उभे राहून कळवतात.

एल रिनोच्या त्या टोर्नेडोतल्या वाऱ्याचा वेग गाडीवर बसवलेल्या फिरत्या रडारने ताशी ४५० किलोमीटरहून जास्त मोजला. तरी शून्य ते पाच अशा ईएफ मोजपट्टीवर त्याची अधिकृत प्रत ईएफ-३ च लागली, कारण ही मोजपट्टी नुकसानीवरून वारा ठरवते आणि तो बहुतांशी मोकळ्या शेतांतून गेला. नंतर अनेक चेजर्सनी आपली चित्रणं संशोधकांना दिली. त्यांतल्या विजेच्या लखलखाटांवरून वेगवेगळ्या चित्रणांची वेळ सेकंदापर्यंत जुळवली गेली. ती फिरत्या रडारच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर दिसलं, की रडारला वर भोवरा सापडण्याआधीच जमिनीलगत टोर्नेडो फिरत होता. टोर्नेडो ढगातून खाली उतरतो ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत यामुळे हलली. युनियन सिटीने शिकवलं होतं, वर बघा म्हणजे खालचं आधी कळेल. एल रिनोने त्याला जोड दिली, की शेवटच्या घडीला खालचं खालीच घडतं, आणि तिथेच रडार आंधळं असतं.

आपल्याकडे

हवेचा हाच साचा आपल्या उपखंडात सापडतो तो बंगालच्या बाजूला. बंगालच्या उपसागराचं बाष्प, छोटा नागपूरच्या पठारावरून येणारी कोरडी हवा आणि वर जोरदार पश्चिमी वारे, असं सगळं एप्रिलमध्ये तिथे जुळून येतं. काळबैशाखीची वादळं त्यातूनच उठतात. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यात दौलतपूर आणि सटूरिया भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसं गेली असा अंदाज आहे. नोंदींतला हा जगातला सर्वांत प्राणघातक टोर्नेडो, आणि तो अमेरिकेतला नाही.

महाराष्ट्रात मे महिन्यात उष्णता आणि बाष्प भरपूर असतं, पण वरचा वारा मंद असतो. म्हणून वळवाचे ढग बहुधा तासाभरात कोसळून संपतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये चित्र वेगळं. तेव्हा जेट स्ट्रीम, म्हणजे दहा-बारा किलोमीटरवरचा वेगवान पश्चिमी वारा, कधी कधी खूप दक्षिणेला उतरतो. त्याच वेळी समुद्रावरून बाष्प आत आलं की ढगाला उंचीबरोबर बदलणारा वारा मिळतो, तो जास्त टिकतो, आणि गारा वाढायला त्याला वेळ मिळतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भापासून नाशिकपर्यंत गहू, हरभरा, कांदा, द्राक्षं झोडपणारी गारपीट अशाच हवेत झाली.

आणि रडारची भूमिती इथेही तीच. नागपूरच्या रडारपासून अकोला सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. अर्ध्या अंशाचा झोत तिथे पोचेपर्यंत जवळजवळ पाच किलोमीटर उंच गेलेला असतो. ढगाच्या वरच्या भागातला गारांचा गठ्ठा त्याला दिसू शकतो, पण शिवारात पडल्या त्या हरभऱ्याएवढ्या होत्या की लिंबाएवढ्या, हे तिथून कळत नाही. हवामान विभाग पुढच्या तीन तासांसाठी जिल्हावार इशारे देतो, ते खरे ठरले का हे तपासायलाही अशाच नोंदी लागतात. गारपिटीनंतर शेतकरी मुठीत गारा धरून फोटो काढतात. त्या मुठीऐवजी पट्टी किंवा रुपयाचं नाणं शेजारी ठेवलं, सोबत गाव, तालुका, गारा सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ आणि ढग कोणत्या दिशेने आला एवढं लिहिलं, तर तोच फोटो अभ्यासकाच्या कामाचा होतो. मात्र फोटोसाठी घराबाहेर पडायचं ते शेवटचा गडगडाट ऐकून अर्धा तास गेल्यावर. ढग सरकून गेला तरी त्याची वीज काही किलोमीटर मागे येऊन पडू शकते.